वेग दुप्पट, अंतर चौपट! त्वरण आणि वेळ यांवरून अंतर कसं काढायचं?

"एस इज इक्वल टू यूटी प्लस हाफ एटी स्क्वेअर."

शाळेत विज्ञानाच्या तासाला पाठ केलेलं हे सूत्र अनेकांना आजही झोपेतून उठवून विचारलं तरी आठवतं. पण त्यातला तो 'हाफ' नेमका कुठून आला आणि 'टी'च्या डोक्यावर तो छोटा दोन का बसलाय, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. सूत्र पाठ झालं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले आणि विषय संपला.

खरं तर विषय तिथे संपत नाही. समोरच्या ट्रकला ओलांडायला किती मोकळा रस्ता लागेल, सुटलेली लोकल धावत जाऊन पकडता येईल का, ब्रेक दाबल्यावर गाडी समोरच्या माणसाच्या अलीकडे थांबेल की नाही, या सगळ्याचं उत्तर याच सूत्रात आहे. आणि ते उत्तर बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरंच वेगळं असतं. म्हणूनच हे सूत्र पाठ न करता समजून घेऊया.

आधी त्वरण म्हणजे काय ते पाहू

वेग म्हणजे दर सेकंदाला किती अंतर कापलं. गाडी सेकंदाला १० मीटर जात असेल तर तिचा वेग १० मीटर प्रति सेकंद.

त्वरण म्हणजे हा वेगच दर सेकंदाला कितीने बदलतोय. समजा, एका स्कूटरचं त्वरण २ आहे. याचा अर्थ तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका वाढतोय. त्वरणाच्या एककात 'सेकंद' दोनदा येतो तो यामुळेच: एकदा वेगासाठी आणि एकदा तो वेग किती वेळात बदलला हे सांगण्यासाठी. म्हणून पुस्तकात ते 'मीटर प्रति सेकंद वर्ग' असं लिहिलेलं असतं. 'वर्ग सेकंद' नावाची कुठली वेगळी गोष्ट नसते, त्यामुळे या एककाला घाबरायचं कारण नाही.

वेग वाढत असेल तर त्वरण धन, कमी होत असेल तर ऋण. ब्रेक दाबला की गाडीला मिळतं ते ऋण त्वरण. त्यालाच मंदन असंही म्हणतात.

सिग्नल सुटला आणि स्कूटर निघाली

सिग्नलला थांबलेली स्कूटर हिरवा दिवा लागताच निघाली. त्वरण २. पाच सेकंदांत ती किती पुढे जाईल?

पहिल्या प्रयत्नात अनेक जण असं करतात: दर सेकंदाला वेग २ ने वाढतोय, म्हणजे पाच सेकंदांनंतर वेग १० मीटर प्रति सेकंद. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर. म्हणून १० × ५ = ५० मीटर.

हे उत्तर चूक आहे. कारण स्कूटरचा वेग पूर्ण पाच सेकंद १० नव्हता. सुरुवातीला तो शून्य होता, मग हळूहळू वाढत गेला आणि अगदी शेवटच्या क्षणी १० झाला. शेवटचा वेग सगळ्या प्रवासाला लावणं म्हणजे परीक्षेतल्या सगळ्यात चांगल्या पेपरचे मार्क सगळ्या विषयांना देण्यासारखं आहे.

मग कुठला वेग धरायचा? सरासरी. वेग शून्यापासून १० पर्यंत एकसारखा वाढला, म्हणजे सरासरी वेग (० + १०) ÷ २ = ५ मीटर प्रति सेकंद. पाच सेकंदांत अंतर ५ × ५ = २५ मीटर. बरोबर उत्तर हेच.

'हाफ' इथून आला

वरच्या उदाहरणात आपण तीन गोष्टी केल्या.

१. शेवटचा वेग काढला: त्वरण × वेळ.
२. त्याची सरासरी काढली: १/२ × त्वरण × वेळ.
३. सरासरीला वेळेने गुणलं: १/२ × त्वरण × वेळ × वेळ.

झालं सूत्र तयार.

अंतर = १/२ × त्वरण × वेळेचा वर्ग

'हाफ' आला तो सरासरी काढताना दोनने भागल्यामुळे. आणि वेळेचा वर्ग आला कारण वेळ दोनदा कामाला येते. एकदा ती वेग वाढवते आणि दुसऱ्यांदा त्या वाढलेल्या वेगाने गाडीला पुढे नेते. बाकी सूत्रात काहीही जादू नाही.

हेच आलेखावरूनही दिसतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग घेतला आणि आलेख काढला, तर स्कूटरची रेषा शून्यातून निघून तिरकी वर जाते. रेषेखाली त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा × पाया × उंची. तो अर्धा म्हणजेच सूत्रातला 'हाफ'.

१, ३, ५, ७ : गॅलिलिओला सापडलेली रांग

आता त्याच स्कूटरचा सेकंदागणिक हिशेब मांडूया.

१ सेकंदानंतर: एकूण १ मीटर
२ सेकंदांनंतर: एकूण ४ मीटर
३ सेकंदांनंतर: एकूण ९ मीटर
४ सेकंदांनंतर: एकूण १६ मीटर
५ सेकंदांनंतर: एकूण २५ मीटर

वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट, वेळ तिप्पट झाली की अंतर नऊपट. आता प्रत्येक सेकंदात स्कूटर किती पुढे गेली ते पाहा: १, ३, ५, ७, ९. सगळ्या विषम संख्या, तेही ओळीने!

ही रांग गॅलिलिओच्या अभ्यासाचा एक गाभा होती. वर फेकलेली किंवा खाली सोडलेली वस्तू इतकी वेगात पडते की त्या काळच्या घड्याळांनी तिचं मोजमाप होणं शक्य नव्हतं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ हाताशी नव्हतंच. मग गॅलिलिओने पडण्याचा वेगच कमी करायची युक्ती काढली. त्याने लाकडी फळीत गुळगुळीत खाच पाडली, फळी थोडी तिरकी ठेवली आणि त्या खाचेतून पितळेसारख्या धातूचा गोळा सोडला. वेळ मोजायला पाण्याचं भांडं घेतलं. भांड्याच्या बारीक नळीतून जेवढं पाणी खाली जमा होईल, त्याचं वजन करायचं. पाणी दुप्पट तर वेळ दुप्पट.

उतार कमी-जास्त करून पाहिला तरी निकाल तोच आला: अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हे सगळं त्याने १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन इथे छापल्या गेलेल्या पुस्तकात मांडलं. तेव्हा तो इटलीत नजरकैदेत होता.

सरासरी वेगाची कल्पना मात्र त्याच्याही आधीची. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या अभ्यासकांनी ती मांडली होती आणि फ्रान्सच्या निकोल ओरेमने ती आकृती काढून दाखवली होती. गॅलिलिओने ती खऱ्या पडणाऱ्या वस्तूंना लागू होते हे प्रयोगातून दाखवलं.

विहिरीत दगड टाकला तर?

वरून सोडलेल्या वस्तूला पृथ्वी जे त्वरण देते ते साधारण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. दगड जड असो वा हलका, हवेचा अडथळा सोडला तर त्वरण तेवढंच. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडलं. तिथे हवा नसल्याने दोन्ही एकदमच खाली पोचले.

आता गावाकडची एखादी खोल विहीर घ्या. काठावरून दगड सोडला आणि 'डुबुक' असा आवाज बरोबर २ सेकंदांनी आला. पाणी किती खोल आहे?

१/२ × ९.८ × २ × २ = १९.६ मीटर. म्हणजे साधारण ६४ फूट.

आवाज वर यायलाही थोडा वेळ लागतो. आवाजाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने २० मीटरच्या विहिरीत हा वेळ फार नसतो. पण विहीर खोल असेल तर फरक पडतो. ३ सेकंदांनी आवाज आला तर नुसत्या सूत्राने ४४ मीटर येतात. आवाजाचा वेळ वजा करून हिशेब केला तर खोली ४०-४१ मीटरच्या आसपास निघते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. घड्याळ दाबायला हाताकडून ०.२ सेकंदाची चूक झाली, म्हणजे २ ऐवजी २.२ सेकंद मोजले गेले, तर उत्तर १९.६ ऐवजी २३.७ मीटर येईल. वेळेत फक्त दहा टक्के चूक आणि उत्तरात वीस टक्क्यांहून जास्त! वेळेचा वर्ग होतो, तशी चुकीचीही जवळपास दुप्पट होते. म्हणून दगड तीन-चार वेळा टाकून सरासरी घ्यावी.

सुटलेली लोकल 'हळू' का वाटते?

मुंबईत हे दृश्य रोज दिसतं. लोकल नुकतीच हललेली असते, कुणीतरी जिना उतरून धावत येतं आणि "अजून हळूच आहे" म्हणून दांडी पकडायला जातं.

समजा, लोकलचं त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. मग हिशेब असा होतो.

४ सेकंदांनंतर: अंतर ४ मीटर, वेग ताशी सुमारे ७ किमी
८ सेकंदांनंतर: अंतर १६ मीटर, वेग ताशी सुमारे १४ किमी
१२ सेकंदांनंतर: अंतर ३६ मीटर, वेग ताशी सुमारे २२ किमी

पहिल्या चार सेकंदांत गाडी जेमतेम चार मीटर सरकते. डोळा हेच बघतो आणि 'वेळ आहे अजून' असं ठरवतो. पण पुढच्या चार सेकंदांत ती आणखी १२ मीटर आणि त्याच्या पुढच्या चार सेकंदांत आणखी २० मीटर जाते. पुन्हा तीच विषम संख्यांची रांग: ४, १२, २०, म्हणजे १, ३, ५ ची चौपट. धावणारा माणूस मात्र आपला वेग असा वाढवत नेऊ शकत नाही. पाच-सात पावलांपूर्वी जी गाडी चालण्याच्या वेगाने जात होती, तिची दांडी हातात येईपर्यंत ती धावणाऱ्याला मागे टाकत असते. माणूस फसतो तो इथेच.

आधीच वेग असेल तर

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत सुरुवात शून्यापासून होती. पण गाडी आधीच धावत असेल आणि मग ॲक्सिलरेटर दाबला, तर अंतराचे दोन भाग होतात. त्वरण नसतं तरी जुन्या वेगाने जे अंतर कापलं असतं तो एक भाग, आणि त्वरणामुळे वर मिळालेलं अंतर हा दुसरा.

अंतर = (सुरुवातीचा वेग × वेळ) + (१/२ × त्वरण × वेळेचा वर्ग)

हेच ते शाळेतलं पूर्ण सूत्र. त्यात 'यू' म्हणजे सुरुवातीचा वेग, 'ए' म्हणजे त्वरण, 'टी' म्हणजे वेळ आणि 'एस' म्हणजे अंतर.

आता दुपदरी रस्त्यावरचं ओव्हरटेक घ्या. पुढे ट्रक, मागे कार, दोघांचा वेग ताशी ५४ किमी, म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद. कार १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण घेते. ट्रकच्या मागे ठेवलेलं ९ मीटर अंतर, ट्रकची १० मीटर लांबी, कारची स्वतःची ४ मीटर लांबी आणि पुढे गेल्यावर सोडायचं ९ मीटर अंतर मिळून कारला ट्रकपेक्षा ३२ मीटर जास्त जायचं आहे.

ट्रकचा वेग आणि कारचा सुरुवातीचा वेग सारखाच, त्यामुळे हे जास्तीचे ३२ मीटर फक्त त्वरणातून यायचे आहेत. १/२ × १ × वेळेचा वर्ग = ३२. म्हणून वेळेचा वर्ग ६४ आणि वेळ ८ सेकंद.

या ८ सेकंदांत कार किती रस्ता खाते? १५ × ८ + ३२ = १५२ मीटर. त्याच वेळी समोरून ताशी ७२ किमीने एखादी गाडी येत असेल तर ती २० × ८ = १६० मीटर जवळ आलेली असते. दोन्ही मिळून ३१२ मीटर.

म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना समोरची गाडी किमान ३०० मीटरच्या पुढे असली पाहिजे, आणि तरीही दोन्ही गाड्या एकमेकींना घासून जातील इतकीच जागा उरते. वळणावर किंवा चढाच्या टोकाला एवढा रस्ता दिसतच नाही. 'एवढ्यात निघून जाऊ' हा अंदाज म्हणूनच इतक्या वेळा चुकतो.

ब्रेक: हेच सूत्र उलट्या दिशेने

ब्रेक दाबला की वेग एकसारखा कमी होत शून्यावर येतो. स्कूटरचा आलेख उलटा करा, तोच त्रिकोण. फक्त त्वरण ऋण.

कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरच्या कारला साधारण ७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं मंदन मिळतं असं धरू.

वेग ताशी ५० किमी, म्हणजे १३.९ मीटर प्रति सेकंद. थांबायला लागणारा वेळ १३.९ ÷ ७ = सुमारे २ सेकंद. सरासरी वेग ६.९५. अंतर सुमारे १४ मीटर.

वेग ताशी १०० किमी, म्हणजे २७.८ मीटर प्रति सेकंद. थांबायला लागणारा वेळ सुमारे ४ सेकंद. सरासरी वेग १३.९. अंतर सुमारे ५५ मीटर.

वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचं अंतर चौपट झालं. कारण थांबायला लागणारा वेळ दुप्पट आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट. दोन दुणे चार.

यात अजून एक भाग राहिला. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत वेळ जातो. सोप्या हिशेबासाठी तो १ सेकंद धरू. या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. म्हणजे ५० च्या वेगाला १४ मीटर आणि १०० च्या वेगाला २८ मीटर आणखी मिळवा. एकूण अंतर झालं २८ मीटर आणि ८३ मीटर.

पावसात रस्ता ओला असेल आणि मंदन ७ ऐवजी ४ च मिळत असेल, तर १०० च्या वेगाचं एकूण अंतर १२४ मीटरच्या घरात जातं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारसाठी ताशी १०० किमीची मर्यादा आहे. पावसाळ्यात मर्यादेच्या आत राहूनही गाडी थांबवायला शंभर मीटरहून जास्त रस्ता लागू शकतो, हे या आकड्यावरून कळतं.

आणि मोबाइल? ताशी १०० किमीच्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण थांबायला जेवढा रस्ता लागतो, तेवढाच रस्ता न बघता संपलेला असतो.

"थोडंच तर जास्त होतं"

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. एकाच रस्त्यावर दोन कार शेजारी-शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ७०, दुसरीचा १००. अचानक समोर कुणीतरी रस्त्यात येतं आणि दोन्ही चालक एकाच क्षणी ते बघतात. ब्रेक, टायर, रस्ता सगळं सारखं.

७० ची गाडी प्रतिक्रियेच्या सेकंदात १९.४ मीटर आणि ब्रेक लावून २७ मीटर, असे एकूण ४६.४ मीटर जाऊन थांबते. समजा, ती त्या माणसाच्या अगदी जवळ येऊन थांबली.

१०० ची गाडी त्याच जागी पोचेल तेव्हा तिचा वेग किती असेल? अनेकांना वाटतं ३०, कारण फरक ३० चाच होता. हिशेब वेगळं सांगतो. तिच्या ४६.४ मीटरपैकी २७.८ मीटर तर पाय ब्रेकवर पडण्याआधीच गेले. ब्रेकसाठी उरले फक्त १८.६ मीटर. तेवढ्यात तिचा वेग १०० वरून जेमतेम ८१ वर येतो.

म्हणजे जिथे पहिली गाडी थांबली, तिथे दुसरी गाडी ताशी ८१ किमीने आदळते. वेगातला फरक ३० चा होता, पण एका गाडीसमोरचा माणूस घरी जातो आणि दुसऱ्या गाडीसमोरचा बहुधा जात नाही.

(वेळ न काढता वेग काढायचं सूत्रही शाळेतलंच: शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग − २ × मंदन × अंतर. वरचा ८१ हा आकडा त्यातूनच आला आहे.)

हे सूत्र कुठे चालत नाही?

एक अट नेहमी लक्षात ठेवायची: त्वरण पूर्ण वेळ एकसमान असलं पाहिजे. सरासरी वेग म्हणजे 'पहिला अधिक शेवटचा भागिले दोन' हे तेव्हाच खरं असतं.

पावसाचा थेंब घ्या. तो २ किलोमीटर उंचीवरून पडला आणि त्वरण शेवटपर्यंत ९.८ राहिलं, तर जमिनीवर पोचताना त्याचा वेग ताशी ७०० किमीच्या वर जाईल. असं झालं असतं तर पावसात बाहेर पडणंच अशक्य होतं. प्रत्यक्षात हवेचा अडथळा वेगाबरोबर वाढत जातो, थोड्याच वेळात तो थेंबाच्या वजनाइतका होतो आणि त्वरण शून्य होतं. मोठे थेंबही साधारण ताशी ३० किमीच्या आसपासच्या वेगाने खाली येतात.

खऱ्या कारचंही तसंच. पहिल्या गिअरमध्ये त्वरण जास्त, वरच्या गिअरमध्ये कमी. अशा वेळी प्रवासाचे छोटे-छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात त्वरण एकसमान धरायचं आणि सगळी अंतरं मिळवायची. तुकडे जितके लहान, उत्तर तितकं अचूक. अकरावी-बारावीत शिकवलं जाणारं इंटिग्रेशन, म्हणजे संकलन, मुळात हेच आहे.

मग मोबाइलला हे का जमत नाही?

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतो. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती त्याच्यामुळेच. मग जीपीएस बंद असताना फोन फक्त त्वरण आणि वेळ यांवरून कापलेलं अंतर का सांगू शकत नाही?

कारण तोच वर्ग. समजा, सेन्सरच्या मोजणीत ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी किरकोळ चूक कायम आहे. १० सेकंदांनंतर अंतरातली चूक अर्धा मीटर. १ मिनिटानंतर १८ मीटर. १० मिनिटांनंतर तब्बल १,८०० मीटर! वेळ दहापट झाली की चूक शंभरपट होते. म्हणून पाणबुड्या आणि विमानं यांमध्ये याच तत्त्वावर चालणारी यंत्रणा असते ती अत्यंत अचूक आणि महागडी असते, आणि फोन मात्र जीपीएसवर अवलंबून राहतो.

गणित सोडवताना होणाऱ्या नेहमीच्या चुका

१. एकक न बदलणं. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदात ठेवून गुणाकार केला की उत्तर हमखास चुकतं. ताशी किमीला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, कारण १ तासात ३,६०० सेकंद आणि १ किलोमीटरमध्ये १,००० मीटर असतात. ७२ ÷ ३.६ = २०.

२. वर्ग चुकीच्या जागी करणं. वर्ग फक्त वेळेचा करायचा. त्वरण आणि वेळ यांचा गुणाकार करून मग त्याचा वर्ग करायचा नाही.

३. चिन्ह विसरणं. वेग कमी होत असेल तर त्वरणाला उणे चिन्ह द्यायलाच हवं. नाहीतर ब्रेक लावलेली गाडी कागदावर आणखी जोरात पळते.

४. अंतर आणि विस्थापन एकच समजणं. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर ४ सेकंदांनंतर सूत्र उत्तर देतं शून्य. सूत्र चुकलेलं नाही. चेंडू परत हातात आला, म्हणून विस्थापन शून्य. त्याने कापलेलं अंतर मात्र १९.६ मीटर वर आणि तेवढंच खाली, म्हणजे ३९.२ मीटर. दिशा बदलत असेल तर दोन्ही भागांचा हिशेब वेगळा करायचा.

५. उत्तराकडे न बघणं. स्कूटर पाच सेकंदांत २५० मीटर गेली असं उत्तर आलं तर कुठेतरी गडबड आहे. शेवटच्या वेगाला वेळेने गुणून बघा. थांबलेल्या गाडीने कापलेलं अंतर त्याच्या बरोबर निम्मं यायला हवं.

थोडक्यात

त्वरण आणि वेळ माहीत असेल तर आधी शेवटचा वेग काढा, मग सरासरी वेग आणि त्याला वेळेने गुणा. सूत्र विसरलं तरी या तीन पायऱ्यांनी उत्तर निघतं.

आणि गाडी चालवताना एवढं लक्षात राहिलं तरी पुरे: वेग दुप्पट केला की ब्रेक लावून थांबायला लागणारा रस्ता चौपट होतो. स्पीडोमीटरचा काटा ७० वरून १०० वर जाताना फार हललेला दिसत नाही. पण समोर कुणी आलं तर लागणारा रस्ता ४६ मीटरवरून ८३ मीटरवर गेलेला असतो.